तळाचा रंग

“...मग रंग कठीण लावू, की झिजणारा?”

तांडेलबाबा पेज पीत होते. त्यांनी वाटी खाली ठेवली नाही.

हेरंबने तोच प्रश्न पुन्हा विचारला. माघ महिना होता, ओहोटी लागली होती, आणि वेळणे बंदराच्या धक्क्याला बांधलेल्या शिडाच्या होडीवर दोघे बसले होते. होडी बाबांची. तिच्या तळाला गेल्या वर्षी लावलेला रंग अगदीच कुचकामी निघाला होता. पाण्याखाली हात घातला की बुळबुळीत शेवाळ लागे, आणि शेवाळाखालची कालवं बोटं कापत.

“होडी असते कुठे?” बाबांनी विचारलं.

“बंदरात.”

“जाते कुठे?”

“जाते कुठे म्हणजे... गेलीच तर खाडीच्या तोंडापर्यंत. परत बंदरात.”

“मग बंदराला विचार.”

आणि त्यांनी पेजेत चिमूटभर मीठ घातलं.

असली उत्तरं ऐकली की हेरंबच्या अंगाचा तिळपापड होई. पण शिष्याने चिडू नये एवढं त्याला माहीत होतं. तो समुद्राकडे बघत राहिला.

तांडेलबाबा हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. तरुणपणी ते मालवाहू गलबतांवर तांडेल होते, म्हणजे गलबत ज्याच्या शब्दावर चालतं तो माणूस. मग एके दिवशी ते वेळण्याला उतरले आणि परत चढलेच नाहीत. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मुंबईच्या एका भक्ताला स्वतःची लोखंडी होडी सांभाळणं जमेना, तेव्हा त्याने ती बाबांना देऊन टाकली. तेव्हापासून बाबा होडीवरच राहत.

भगवी वस्त्रं नाहीत, अंगारा नाही, प्रवचन तर नाहीच. लुंगी आणि विरलेली बंडी. लोक येत, धक्क्यावर किंवा होडीच्या काठावर बसत, आणि मनातलं बोलत. बाबा ऐकत. एवढंच.

हेरंब ओगले हा त्यांचा एकुलता एक शिष्य. आधी तो रंगाच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेचा प्रमुख होता. रंगातलं याला कळत नाही असं काही नाही, हे लोक म्हणत आणि तोही म्हणे. ते सगळं सोडून तो बाबांकडे आला तो एका गोष्टीसाठी. बाबांकडे एक शब्द आहे, त्यांच्या गुरूने त्यांना दिलेला, आणि जायच्या आधी ते तो कुणाला तरी देऊन जातील, याबद्दल हेरंबच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कुणाला तरी म्हणजे आपल्यालाच, हेही उघड होतं. दुसरं होतंच कोण?

त्याने एकदोनदा धीर करून मागूनही पाहिलं होतं. “बाबा, मला काही तरी द्या.”

“तळ बघ आधी,” बाबा म्हणाले होते.

म्हणून तर हा रंगाचा घोर.

बंदराला विचार म्हणाले, तर हेरंबने खरंच विचारलं. माणूस मुळात प्रयोगशाळेतला. त्याने सागवानी फळ्या आणल्या, प्रत्येकीला वेगळा रंग दिला आणि धक्क्याच्या कठड्याला दोरीने बांधून पाण्यात सोडल्या. एकीवर बंदरातले लोक वापरतात तो, एकीवर दुकानदाराने गळ्यात मारलेला, एकीवर त्याने स्वतः निवडलेला तांब्याचा लाल कठीण रंग. एक फळी त्याने कोरीच ठेवली. काहीच न लावलेल्या लाकडाचं काय होतं ते कळल्याशिवाय लावलेल्याचं मोल कळत नाही, असं त्याने बाबांना समजावून सांगितलं. बाबांनी मान हलवली.

वैशाखात त्याने फळ्या वर ओढल्या.

बंदरवाल्यांच्या फळीवर शेवाळाची दाढी आली होती. दुकानदाराच्या फळीचे पापुद्रे निघाले होते. लाल फळी मात्र स्वच्छ होती, नुकती पुसून ठेवावी तशी. हेरंबचा आनंद गगनात मावेना. झिजणारा रंग चालत्या होडीला ठीक, पाणी घासत जातं आणि रंगाबरोबर घाण सुटते. आपली होडी उभी असते, तिला कठीणच हवा आणि त्यात तांबं भरपूर हवं. हे सगळं त्याने बाबांना एका दमात सांगितलं. लाल फळी त्याने त्यांच्या मांडीवरच ठेवली.

बाबांनी ती बाजूला केली आणि कोरी फळी उचलली.

तिचं लाकूड दिसतच नव्हतं. कालवं, शिंपले, हिरव्या-तांबड्या झालरी. मधूनच एक खेकडीचं पिल्लू बाहेर आलं, बाबांच्या अंगठ्यावर चढलं आणि परत आत गेलं.

“बरीच वस्ती झालीय,” बाबा म्हणाले.

“बाबा, ती नापास फळी आहे.”

“हो का?”

त्यांनी ती जपून पाण्यात सोडली. लाल फळीकडे त्यांनी काही परत पाहिलं नाही. हेरंबला वाईट वाटलं, पण रंग ठरला होता.

मग पाऊस आला. दरवर्षीप्रमाणे होडी किनाऱ्यावर ओढून लाकडी ठोकळ्यांवर उभी केली, शेजारी झापांची खोपी बांधली आणि दोघे तिथे राहायला गेले. आणि त्याच पावसात दामू टेमकर रोज यायला लागला.

दामूचा मुलगा गुरुनाथ मासेमारीला गेला तो परत आला नव्हता. होडी सापडली, जाळं सापडलं, पोरगा नाही. त्या दिवशी वारा बघून पोरगा जायला तयार नव्हता, आणि दामूने त्याला भित्रा म्हटलं होतं.

दामू ही गोष्ट बाबांना सांगे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येई आणि तीच सांगे, त्याच शब्दांत, त्याच जागांवर थांबत. बाबा प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकावी तशी ऐकत. ‘भित्रा म्हटलं मी त्याला’ इथवर दामू आला की बाबांचे डोळे भरून येत. रोज. दामूला त्यांच्याकडून उत्तर नको असे. बोलून झालं की तो डोळे पुसून उठे आणि जरा सरळ पाठीने घरी जाई.

बाबा मात्र त्यानंतर जेवत नसत. भिंतीला टेकून बसत, आणि त्यांचे हात चटईवर थरथरत राहत.

हेरंबला हे बघवत नव्हतं. त्याने ते बाबांना सांगितलंही. बाबा म्हणाले, “होतं थोडं तसं.”

श्रावणात एका पहाटे बाबांच्या छातीत कळ आली. तालुक्याहून डॉक्टर आले. हृदय दमलंय, म्हणाले. मनाला त्रास होईल असं काही यांच्या कानावर पडू देऊ नका. डॉक्टर गेल्यावर हेरंब खोपीमागे जाऊन रडला. बाबांवर त्याचा जीव होता. आणि त्या रडण्यात एक दुसरीही भीती होती, ती त्याने स्वतःशीसुद्धा नीट उच्चारली नाही: शब्द न देताच गेले तर?

त्याच दिवशी त्याने खोपीकडे येणाऱ्या वाटेवर आडवा दोर बांधला. दोराला एक पाटी टांगली. उरलेल्या लाल रंगात तिच्यावर लिहिलं, ‘बाबांची भेट फक्त सोमवारी सकाळी’.

“अक्षर सुरेख आहे,” बाबा म्हणाले. दोराबद्दल चकार शब्द काढला नाही.

आणि दोराचा गुण आला. बाबांना झोप लागू लागली, भूक लागू लागली, गालांवर थोडी तुकतुकी आली. माणसं बाबांना चिकटतात, शोषून घेतात, आणि ती आपण खरवडून काढली, असं हेरंबला वाटे. त्याला आपल्या निर्णयाचा अभिमान वाटला आणि त्यात काही खोटंही नव्हतं. म्हातारा माणूस डोळ्यांदेखत सुधारत होता.

दामू पहिल्या सोमवारी आला. पण सोमवारी तिथे बाकीचेही असत, कुणाचं लग्न अडलेलं, कुणाची म्हैस आटलेली. त्यांच्यासमोर दामूच्या तोंडून शब्द फुटेना. तो उठून गेला आणि नंतर सोमवारी आलाच नाही.

संध्याकाळी मात्र येई. दोरापाशी थांबे, पाटीकडे बघे, मग खाली उतरून पाण्यात उभा राही. आधी घोटाभर पाण्यात. हल्ली हल्ली गुडघाभर.

हा हट्ट आहे, आपल्याला दया यावी म्हणून चाललाय, अशी हेरंबने मनाची समजूत घातली होती. तरी तो त्या दिशेला पाठ करून बसे.

गणपती गेले. समुद्र निवळला. अमावास्येच्या उधाणाला होडी पाण्यात घालायची, तर त्याआधी रंग लागून वाळायला हवा होता. हेरंबने कंबर कसली. त्याने जुना तळ खरवडून काढला, घासला, गोड्या पाण्याने धुतला. तांबं लोखंडाला थेट लागलं तर लोखंडच खातं, म्हणून मध्ये जाड अस्तर दिलं. तळाला ठिकठिकाणी जस्ताच्या वड्या पेचाने बसवलेल्या असतात. जुन्या वड्या चघळलेल्या खारकेसारख्या झाल्या होत्या. त्या काढून त्याने नव्या बसवल्या, चकचकीत. त्यांना रंगाचा थेंबही लागू नये म्हणून त्यांच्यावर कागद चिकटवले. मग लाल रंगाचा डबा उघडला.

दिवस कलेपर्यंत अर्ध्याहून जास्त तळ लाल झाला होता. बाबा होडीच्या सावलीत चटईवर बसून बघत होते.

“याला काही चिकटणार नाही?” त्यांनी विचारलं.

“काही म्हणजे काही नाही.”

“कशालाही लावला तरी?”

“कशालाही लावा. समुद्र हात लावायचा नाही.”

“बरं...” बाबा म्हणाले.

तेवढ्यात हेरंबला वाटेवर दामू दिसला. तो दोरापाशी थांबलासुद्धा नाही, सरळ खाली उतरला. हेरंबने कुंचला डब्यावर आडवा ठेवला आणि हात पुसत दोरापर्यंत गेला. दामू चालत चालत पाण्यात शिरला आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला. भरती लागली होती.

“दामूकाका, आज सोमवार नाही,” हेरंब वरूनच म्हणाला.

दामूने मागे वळून मान हलवली. माहीत आहे, अशा अर्थाने. आणि पुन्हा समुद्राकडे तोंड केलं.

हेरंबचा जीव खालीवर झाला. पण आता खाली जाऊन त्याला आणावं, तर तो खोपीत येणार, बसणार, ती गोष्ट सुरू करणार. आणि उधाण जवळ आलेलं, बाबांना आत्ता कुठे बरं वाटायला लागलेलं. येईल बाहेर, म्हणत हेरंब माघारी फिरला.

चटई रिकामी होती.

बाबा होडीखाली होते. पोटाशी गुडघे घेऊन, वाकून, एका हाताने तळाचा आधार घेऊन ते बसले होते आणि त्यांच्या दुसऱ्या हातात कुंचला होता. जमिनीवर फाडलेले कागद पडले होते. जस्ताच्या वड्यांना ते रंग लावत होते. एक वडी पूर्ण लाल झाली होती, दुसरी होत आली होती.

“अहो बाबा... काय करताय?”

“तुझा रंग पुरा करतोय.”

“त्याला नाही लावायचा!” हेरंबचा आवाज चढला. बाबांवर आवाज चढवण्याची ही त्याची पहिलीच वेळ. त्याने वाकून कुंचला त्यांच्या हातातून काढून घेतला, आणि काढून घेतल्यावर त्याला लाज वाटली.

बाबा लाल झालेल्या वडीकडे बघत होते. “सगळ्या होडीला लावलास. ही तेवढी उघडी राहिली होती.”

“ती उघडीच ठेवायची असते.”

“नवी कोरी आहे. खराब होईल.”

“व्हायलाच हवी, बाबा. त्यासाठीच बसवलीय ती.” हेरंब फडक्याने रंग पुसायला लागला. रंग कठीण, चांगल्यातला. पुसता पुसता आणखीच पसरला. तो घासत घासत बोलत राहिला. खारं पाणी लोखंड खातं. जस्त त्याच्याहून मऊ. ते उघडं असलं की पाणी आधी त्याला खातं आणि तोवर लोखंडाला सोडतं. वर्षभर खातं. जुन्या वड्या पाहिल्यात ना, काय अवस्था झाली होती? तशीच व्हायला हवी.

“आणि हिला जपलं तर?” बाबांनी विचारलं.

“जपून कसं चालेल? ही झाकली तर पाणी काय उपाशी राहणार आहे? ते तळ खाणार.”

“ही मात्र छान राहील.”

“ही राहील हो छान! होडी जाईल.”



हेरंबचा घासणारा हात मंदावला... मग थांबला.

होडीच्या पोटाखालून, ठोकळ्यांच्या मधून, समुद्राची एक पट्टी दिसत होती. तिच्यात दामू होता. आता कमरेच्या वर पाणी आलं होतं. भरती वाढली म्हणून, की तो पुढे सरकला म्हणून, ते इथून कळत नव्हतं.

बाबांची नजरही तिकडेच होती. किती वेळ होती कोण जाणे. कदाचित श्रावणापासून.

हेरंबने फडकं टाकलं. तो होडीखालून बाहेर पडला तो धावतच. दोर त्याच्या पायात अडकला. त्याने तो सोडवला नाही, खुंट्यासकट ओढून काढला. पाटी वाळूत पडली. तो गुडघाभर पाण्यात गेला, मांडीभर पाण्यात गेला, आणि त्याने हाका मारल्या. दामूने पहिल्या हाकांना ओ दिली नाही. मग वळला. त्याचा चेहरा झोपेतून उठवलेल्या माणसासारखा होता.

“चला,” हेरंब म्हणाला. “बाबा वाट बघतायत.”

दामूने पाटी होती त्या दिशेला पाहिलं. “सोमवार...?”

“नाही. चला तुम्ही.”

दामू निघाला. ओल्या धोतराने त्याला भराभर चालता येईना. हेरंब त्याच्या पुढे खोपीकडे आला, कारण त्याला दामूच्या आधी बाबांना गाठायचं होतं. बाबा एव्हाना होडीखालून निघून चटईवर येऊन बसले होते. त्यांना धाप लागली होती. बोटांवरचा लाल रंग त्यांनी बंडीला पुसला होता.

हेरंब त्यांच्या पायांशी बसला. डॉक्टर काय म्हणाले ते त्याला आठवत होतं. थरथरणारे हात आठवत होते. आणि ज्या शब्दासाठी तो आला, राहिला, तळ खरवडत बसला, तो शब्द अजून मिळालेला नव्हता.

“बाबा, तो रोज येईल,” तो म्हणाला. “त्याच्यासारखे आणखी येतील.”

“येतील.”

“तुम्ही संपाल.”

“हं.”

“तुम्ही संपाल, बाबा...” हेरंबचे डोळे वाहायला लागले. त्याने ते पुसले नाहीत.

दामूची पावलं वाळूवर वाजत होती. बाबांनी तिकडे कान दिला. मग हेरंबकडे पाहून विचारलं, “जस्त संपलं की काय करतोस?”

“...नवं बसवतो.”

बाबा चटईवर थोडे सरकले. आपल्या शेजारची जागा त्यांनी हाताने झटकली.

“मग बस इथे. दामू आला.”